घरी परतल्यानंतरचे आठ दिवस

वाचकहो, चार दिवस बाहेर राहून आपण घरी येतो तेव्हा दारात सर्वांत आधी भेटतो तो घराचा वास. एरवी तो आपल्याला कळत नाही, कारण आपण त्यातच मुरलेले असतो. त्या रविवारी सायंकाळी माझ्या घराला फिनेलचा, उतू गेलेल्या दुधाचा आणि तुरटीचा वास येत होता. पहिले दोन मी समजू शकले, तिसरा उलगडेना. गेली दोन वर्षे ह्यांची दाढी मी विजेच्या यंत्राने करते. आमच्या घरात तुरटी नाही.

हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. केस नीट कापलेले, गाल गुळगुळीत. चेहरा नेहमीसारखाच स्थिर होता. पार्किन्सनच्या आजाराने आठ वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू काढून घेतले आहे. डोळ्यांतले मात्र अजून शिल्लक आहे. मला पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भंडारदऱ्याला पाणी किती होते?"

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कळसूबाईच्या माथ्यावरून मला जलाशय दिसला होता, निळा, डोंगरांच्या कुशीत पसरलेला. मी तसे सांगितले.

"किती टक्के?"

ते मी पाहिले नव्हते. त्यांची थोडी निराशा झाली.

मी ह्या सहलीला गेले कशी, ते आधी सांगायला हवे. कारण आपल्यापैकी अनेक जण, विशेषतः अनेक जणी, माझ्याच जागी असतील. जुलै महिन्यात माझा रक्तदाब १६०/१०० भरला. आमच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि विचारले, "बाई, तुम्ही घराबाहेर शेवटच्या कधी झोपलात?" मला तो प्रश्न अगदी आगाऊपणाचा वाटला. मी काय उत्तर देणार? शेवटची रात्र बाहेर काढली ती ह्यांच्याच उशाशी, रुग्णालयाच्या बाकावर. माझ्या शाळेतल्या निवृत्त सहकाऱ्यांचा गट दर वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत सह्याद्रीत कुठेतरी चालायला जातो. सहा वर्षे मी गेले नव्हते. ह्या वर्षी सांगलीचे धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी येऊन राहतो चार दिवस. दादा माझाही आहे." दिवसा येणाऱ्या मावशी होत्याच. मी चार पाने सूचना लिहिल्या, दोन्ही बाजूंनी. भाऊजींनी त्या वाचल्या, घडी घातली आणि खिशात ठेवल्या. त्या घडीकडे पाहूनच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

सहलीविषयी फार लिहीत नाही. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत आम्ही बारी गावी मुक्कामाला गेलो. पाऊस सरला होता, भात कापणीला आले होते, सोनकीची पिवळी फुले बांधांवर अजून तग धरून होती. पहाटे निघून १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आम्ही सहा जणांनी पाच तासांत गाठले. तरुण पोरे आमच्या शेजारून "आजी, सावकाश" म्हणत पळत गेली आणि परतताना पुन्हा "आजी, भारी" म्हणत उतरली. शेवटच्या लोखंडी शिडीवर मी दोन्ही हातांनी कठडा धरून थांबले. सहा वर्षांत पहिल्यांदाच असे झाले, की पुढचे पाऊल कुणाचे पडते आहे ते मला पाहायचे नव्हते. फक्त माझे पाहायचे होते. दुसऱ्या दिवशी रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळात दगडी गारव्यात आम्ही बराच वेळ नुसत्या बसलो. एवढे पुरे.

मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. कळसूची दंतकथा जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदवलेली आहे. कळसू ही रानात भटकण्याची आवड असलेली कोळ्याची मुलगी. ती डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या इंदोर गावी एका घरी कामाला राहिली, ती एका अटीवर: भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचे नाही. काही दिवस सुरळीत गेले. एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला नेमके तेच सांगितले. तिने भांडी घासली, केर काढला, आणि सरळ डोंगर चढून गेली. परत उतरली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला ती काळदरा. माथ्यावरच्या त्या लहानशा देवळासमोर मी ही कथा मैत्रिणींना सांगितली, तेव्हा सगळ्या जणी मोठ्याने हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

रविवारी रात्री नऊ वाजता मी माझ्या ओट्यापाशी उभी होते आणि मोरीत चार दिवसांची नव्हेत, पण चार वेळची भांडी नक्की होती. मावशींची रविवारची सुट्टी. मी बाही वर केली. कळसू होण्यासाठी मांड्यांत बळ लागते. माझ्या मांड्या थरथरत होत्या.

त्या मांड्यांविषयी चार शब्द, कारण शरदात फिरायला जाणारे साठीपुढचे पुष्कळ आहेत आणि परतल्यावर घाबरणारेही पुष्कळ. चढताना दम लागतो, पण स्नायूंना खरा मार बसतो तो उतरताना. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे लगेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी ते सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचते आणि आठवड्याच्या आत बहुधा ओसरते. अगदी झोपून राहण्यापेक्षा घरातल्या घरात हळूहळू चालत राहिले तर बरे वाटते. एक मात्र कटाक्षाने पाळावे. कपाटातल्या दुखण्यावरच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. आपल्या वयात रक्तदाबाच्या औषधांबरोबर त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांचे जमत नाही. रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर सोसावे, पण लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, किंवा लघवी काळसर तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तिथे सोशिकपणा दाखवण्यात अर्थ नाही.

भांडी झाल्यावर मी खरे काम हाती घेतले. तपासणीचे.

माझी एक वही आहे. त्यात ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा, खाणे, शौच, चालणे, पडणे, सगळे लिहिलेले असते. पार्किन्सनमध्ये वेळेला केवढे महत्त्व आहे ते ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगायला नको. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी किंवा तासाभराने घ्यावी असे आम्हाला सांगितले आहे. कारण डाळ, दही, अंडी ह्यांतली प्रथिने आतड्यात त्या औषधाची वाट अडवतात. गोळी उशिरा झाली किंवा भरल्या पोटी घेतली गेली, की ती लागू पडत नाही, आणि माणूस दिवा विझावा तसा विझतो. पाय जमिनीला खिळतात. म्हणून आमच्याकडे सकाळी ७, दुपारी १२, सायंकाळी ५ आणि रात्री ९ ह्या वेळा जणू पूजेच्या आहेत.

गोळ्यांच्या डबीत शुक्रवारच्या दुपारचा कप्पा रिकामा होता, ते ठीक. वहीत मात्र वेळ होती १.१५. समोर लिहिले होते, 'मटकीची उसळ, दही, भात.' आणि त्याखाली, '३.१० ते ३.३५, न्हाणीघराच्या दारात अडकलो.'

पंचवीस मिनिटे. मी शिखरावरून उतरून शिळ्या भाकरीबरोबर लसणाची चटणी खात होते, त्या वेळी ही पंचवीस मिनिटे चालली होती.

भाऊजी बैठकीत बातम्या पाहत होते. मी वही घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "चार पाने लिहून दिली होती मी. वाचता येतात ना?"

वाचकहो, हे वाक्य मी सत्तावीस वर्षे वर्गात वापरले आहे. अडुसष्ट वर्षांच्या, स्वतःचे घर सोडून भावाच्या सेवेला आलेल्या माणसाशी वापरायचे ते वाक्य नव्हे. भाऊजींनी दूरचित्रवाणी बंद केली. "चुकले वहिनी," एवढेच म्हणाले. सोमवारी सकाळी सहाच्या गाडीने ते सांगलीला गेले. ते दुपारी जेवून जाणार होते. मी त्यांच्यासाठी नागलीचे पीठ आणले होते. ते पिशवीतच राहिले.

त्या सकाळी मला अंथरुणावरून उठता येईना. मांड्यांत लाकूड भरल्यासारखे झाले होते. मी पलंगाची कड धरून धडपडत होते, तोच शेजारच्या पलंगावरून ह्यांचा आवाज आला. आवाजही आता बारीक झाला आहे, कान द्यावा लागतो. "पुढे सरक. अगदी काठावर. पावले मागे घे, गुडघ्यांच्या मागे. आता नाक पुढे ने, पायाच्या अंगठ्यांच्या वर. आणि तीन म्हणताच ऊठ." फिजिओथेरपिस्ट बाईंनी ही युक्ती तीन वर्षांपूर्वी ह्यांना शिकवली. तेव्हापासून रोज मी ती त्यांना म्हणून दाखवते. मी त्यांच्या तीनला उठले. मग माझ्या तीनला ते उठले. त्यांचा रक्तदाब उभे राहताच उतरतो, म्हणून ते आधी दोन मिनिटे काठावर बसून राहतात. त्या दिवशी मीही बसले. दोन म्हाताऱ्या चिमण्या तारेवर बसाव्यात तशी आम्ही दोघे बसलो होतो.

तिथेच ते म्हणाले, "त्याने चूक केली. तूही केल्या आहेस. फक्त तुझ्या चुका तपासायला कोणी येत नाही."

मी काही बोलले नाही. ह्या लेखात मात्र बोलायला हवे. गेल्या वर्षी ऐन दिवाळीत, पाहुण्यांच्या गडबडीत, मी ह्यांना रात्रीची गोळी दोनदा दिली होती. ती रात्र त्यांनी भलत्याच हालचालींत आणि भिंतीवर माणसे दिसण्यात काढली. सकाळी डॉक्टरांना दूरध्वनी केला तेव्हा मी सांगितले, 'त्यांनी चुकून घेतली.' ह्यांनी ते ऐकले होते. वर्षभर त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. वहीच्या त्या तारखेला मी रात्री ९ समोर एकच बरोबरची खूण केलेली आहे. सगळ्यांच्या चुका टिपणाऱ्या वहीत माझी तेवढी नाही.

काळजी घेणाऱ्या माणसासाठी मराठीत अलीकडे 'शुभंकर' असा एक सुरेख शब्द वापरला जातो. शब्द सुरेख आहे म्हणून भीती वाटते. एकदा का ते नाव लागले, की आपल्या हातून अशुभ काही होऊ शकते हे कबूल करणे अवघड होऊन बसते. आणि मग आपण कुणालाच मदतीला येऊ देत नाही. येणाऱ्याच्या हातून काय चुकते तेवढेच शोधत बसतो. निदान मी बसले.

दुपारी पुन्हा वही उघडली, ह्या वेळी तपासायला नव्हे. तेव्हा लक्षात आले, की आदल्या रात्री मी अक्षर पाहिलेच नव्हते. चारही दिवसांच्या नोंदी भाऊजींच्या नव्हत्या. ह्यांच्या होत्या. 'अडकलो' ह्या शब्दावरून मला तेव्हाच कळायला हवे होते. ह्या आजारात अक्षर बारीक होत जाते, ओळीच्या सुरुवातीला मोहरीएवढे तर शेवटी खसखशीएवढे. दीड-दोन वर्षे त्यांनी सहीपलीकडे काही लिहिले नव्हते. मी भिंग आणले. धरणाच्या कामावर रोजची नोंदवही ठेवायची त्यांची जुनी सवय. तशाच नोंदी होत्या.

'गुरुवार. ७.०० गोळी. आकाश निरभ्र. ती गेली.'

'शुक्रवार. ५.४० जाग. ती आता चढत असेल. १.१५ गोळी उशिरा, दोष दोघांचा, गप्पांत वेळ गेला. ३.१० ते ३.३५, न्हाणीघराच्या दारात अडकलो. त्याने पाऊल आडवे धरले, ते ओलांडले, सुटलो.'

'शनिवार. ८.३० ते ९.२०, केशकर्तनालय, पायी. विश्रांती तीन वेळा. तुरटी लावली.'

ते केशकर्तनालय आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये हे फाटकाशी पडले, मनगट मोडले. त्यानंतर मी त्यांना एकट्याने सोडाच, माझ्याबरोबरही गल्लीत नेले नाही. गच्चीत फेऱ्या, त्याही माझा हात धरून. सदऱ्याची बटणे मी लावते, कारण मी लावली की एक मिनिट लागते आणि त्यांनी लावली की नऊ. भाताचे घास मी कालवून देते. हे सगळे प्रेमाने केले की घाईने, ते आता मला वेगळे काढता येत नाही.

मी हे लिहिते आहे म्हणून कृपया असे समजू नका, की उद्यापासून आपापल्या घरच्या वृद्धांना रस्त्यावर मोकळे सोडावे. पडणे ही साधी गोष्ट नव्हे. मोडलेल्या खुब्यातून पुष्कळ जण उठत नाहीत. भाऊजींनी त्यांना नेले ते विचार न करता नेले, हे माझे मत अजूनही आहे. पण ते परत आले, आणि त्यांनी ते वहीत लिहिले, हेही खरे आहे. ह्या दोन खऱ्या गोष्टींची मला सांगड घालता येत नव्हती. तेव्हा मंगळवारी मी फिजिओथेरपिस्ट बाईंनाच घरी बोलावले. त्यांनी गल्ली पाहिली, ह्यांना चालवून पाहिले, आणि काही गोष्टी ठरवून दिल्या. गोळी लागू पडल्यावरच, म्हणजे सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान निघायचे. पायांत घट्ट बसणारे बूट हवेत, चपला नकोत. वळताना जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, मोठे अर्धवर्तुळ करून वळायचे. चालताना बोलायचे नाही. एका वेळी एकच काम. बरोबरच्या माणसाने हात ओढायचा नाही, बाजूला, अर्धे पाऊल मागे राहायचे. आणि पाय खिळले तर ढकलायचे मुळीच नाही. थांबायचे, श्वास घ्यायचा, मनात कवायतीसारखे 'एक, दोन' म्हणायचे, किंवा समोर काठी आडवी धरून ती ओलांडायची. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी आता रंगीत चिकटपट्टीच्या तीन आडव्या रेघा मारल्या आहेत. उंबऱ्यात खिळणारे पाय त्या रेघा ओलांडतात, हे एक नवलच आहे.

बाकीचा संसार मधल्या काळात थांबलेला नव्हताच. बुधवारी मी वर्तमानपत्रांचा चार दिवसांचा गठ्ठा न वाचता रद्दीत टाकला, आयुष्यात पहिल्यांदा. जगाचे काही अडले नाही. दूधवाल्याचा हिशेब भाऊजींनी चोख ठेवला होता, माझ्यापेक्षा चोख. दिवाळीच्या फराळाचा प्रश्न होता. भाजणी भाजायला मांड्यांनी नकार दिला, म्हणून चकल्या आणि चिवडा सोसायटीतल्या एका बाईंकडे सांगितला. लाडू मात्र घरी करणार आहे, बसून करता येतात. नोव्हेंबरात ह्यांच्या निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. गेल्या वर्षी सही जुळत नाही म्हणून आम्हाला दोनदा परत पाठवले होते. अक्षर बारीक होणाऱ्या माणसाची तीस वर्षांपूर्वीची सही कशी जुळणार? आता चेहरा दाखवून घरबसल्या दाखला देण्याची सोय आहे, ती भाचा येऊन करून देणार आहे. ज्यांच्या घरी असा आजार सुरू झाला आहे त्यांनी बँकेत सहीचा नवा नमुना आणि संयुक्त खात्याचे काम हात चालतो आहे तोवर उरकून घ्यावे, एवढे आग्रहाने सांगते.

माझी पाठपिशवी तीन दिवस बैठकीत तशीच उभी होती. गुरुवारी ती उघडली. कपडे गरम पाण्यात भिजवले, बूट उन्हात ठेवले, आणि आरशासमोर उभी राहून काखा, कंबर, गुडघ्यांमागची जागा नीट पाहिली. आपल्याला हे विचित्र वाटेल. पण पावसाळ्यानंतर गवतातून, झुडपांतून चालून आल्यावर हे करावे. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका किड्याच्या अळीच्या चाव्यातून स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. चावल्यावर साधारण दहा दिवसांनी तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. कधी चाव्याच्या जागी काळी खपली दिसते, विडीचा चटका बसल्यासारखी. ती नेमकी झाकलेल्या जागी असते आणि दुखत नाही, म्हणून नजरेतून सुटते. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. पण त्यासाठी डॉक्टरांना एक वाक्य सांगावे लागते, 'मी रानात जाऊन आले आहे.' दिवाळीच्या धामधुमीत ताप आला की आपण ते सांगायला विसरतो. मी दिनदर्शिकेवर पुढच्या तीन आठवड्यांपर्यंत रेघ मारून ठेवली आहे. अजून तरी काही नाही.

त्याच पिशवीच्या तळाशी नागलीचे पीठ सापडले. पिठाने मला दूरध्वनीपाशी नेले.

भाऊजींनी उचलला तेव्हा मी प्रस्तावना केली नाही. "भाऊजी, मी बोलले ते चुकले. शिवाय, गेल्या वर्षी गोळी मीच दोनदा दिली होती." पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "माहीत आहे वहिनी. दादाने सांगितले. हसत होता." ह्यांना हसता येत नाही, असे मी म्हणणार होते, म्हटले नाही. ते पुढे म्हणाले, "तुमची चार पाने अजून माझ्या खिशात आहेत. पुढच्या वेळी दोनच लिहा. चौथ्या पानापर्यंत माणूस पोहोचत नाही." आम्ही फेब्रुवारीतली तारीख ठरवली. मी कुठे जाणार ते अजून ठरलेले नाही; ते येणार, एवढे ठरले आहे.

त्या दूरध्वनीनंतर मी गेल्या वर्षीची वही काढली आणि त्या रात्रीच्या ९ समोरच्या खुणेशेजारी आणखी एक खूण केली. ह्यांनी ते पाहिले. "वेळ लिही," म्हणाले. मला वेळ आठवत नव्हती.

शनिवारी रक्तदाब मोजला, १४२/८६. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवायची. चार दिवसांच्या हवापालटाने औषध सुटेल अशी माझी जी वेडी आशा होती ती त्यांनी हसून बाजूला ठेवली.

आता सदऱ्याची बटणे हे स्वतः लावतात, वरची दोन सोडून. नऊ मिनिटे मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. तिथे बसणे हेच माझ्यासाठी शिखरापेक्षा कठीण आहे. वही त्यांच्याकडे गेली आहे. मला वाचायला भिंग लागते, पण वाचते.

काल, परतल्यापासून आठव्या दिवशी, सकाळी ८.२० वाजता आम्ही दोघे गल्लीत उतरलो. त्यांना दाढी करून घ्यायची होती. मी बाजूला, अर्धे पाऊल मागे. फाटकाशी आल्यावर माझा हात आपोआप त्यांच्या सदऱ्याच्या पाठीकडे गेला आणि मूठ वळली. ते थांबले. चालताना बोलायचे नाही असे ठरले होते, म्हणून आधी पूर्ण थांबले, मग म्हणाले, "सदरा सोड."

मी सोडला.

तीन विश्रांती घेऊन आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो. केशकर्तनालयाचे शटर खाली होते. सोमवार असल्याचे आम्हा दोघांच्याही लक्षात राहिले नव्हते. समोरच्या वाण्याने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर आणून दिल्या. त्यांवर दहा मिनिटे बसलो आणि परत आलो. दुपारी बारा वाजता गोळी झाली, साडेबाराला नागलीच्या भाकऱ्या. वहीत नोंद आहे: '८.२० ते ९.०५, पायी. दुकान बंद. भाकरी जरा कडक.'